चिठ्ठीवर चिपेंडेल, खणाच्या तळाशी दुसरंच काही

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. इंग्लंडमधल्या लिलावातून तुम्ही महोगनीचं खणांचं कपाट घेतलंत. वर शेजारीशेजारी दोन छोटे खण, खाली तीन लांब, रुंदी ४२ इंच, पुढे गोल लाकडी मुठी. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'जॉर्जियन, चिपेंडेल, सुमारे १७६०'. जॉर्जियन म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातलं, आणि चिपेंडेल हा त्या काळचा नामांकित फर्निचर घडवणारा. डाव्या बाजूच्या फळीला उभी चीर आहे आणि वरचा उजवा खण अडकतो. तुम्हाला चार गोष्टी हव्यात: चिठ्ठी खरी का, हे लाकूड आलं कुठून, जुनं पॉलिश काढून नवं करावं का, आणि मुठी काढून पितळी कड्या बसवाव्यात का. शेवटच्या दोन्हींबद्दल तुमचं मन बहुतेक ठरलेलंच दिसतंय. थोडं थांबा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कपाट अस्सल जुनं आहे, पण १७६० चं नाही. १७८५ ते १८०० या काळातलं, लंडनबाहेरच्या एखाद्या चांगल्या कारखान्यात घडलेलं वाटतं. चिपेंडेलचा त्याच्याशी काही संबंध दिसत नाही. आणि असायचं कारणही नाही.

थॉमस चिपेंडेल यॉर्कशायरमधल्या ऑटली गावचा, जन्म १७१८ चा. १७५४ साली त्याने फर्निचरच्या नमुन्यांचं मोठं चित्रमय पुस्तक काढलं, आणि त्याच सुमारास लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये मोठा कारखाना थाटला. पुस्तक इतकं चाललं की १७६२ पर्यंत त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या. ती कुठल्याही गावच्या सुताराला विकत घेता येत होती, आणि अनेकांनी घेतली. त्यामुळे 'चिपेंडेल' हे माणसाचं नाव होतं ते हळूहळू एका घाटाचं नाव झालं. स्वतः त्याच्या कारखान्याचा माल ओळखायचा तर शिक्का शोधून उपयोग नाही, कारण तो शिक्का मारतच नसे. हेअरवुड हाऊस, नॉस्टेल प्रायरी, डम्फ्रीज हाऊस अशा वाड्यांमध्ये त्याची बिलं आणि पत्रं जपली गेली, म्हणून तिथल्या वस्तू त्याच्या हे खात्रीने सांगता येतं. बिल नाही, वाडा नाही आणि तरी चिठ्ठीवर चिपेंडेल असेल, तर त्या चिठ्ठीचा अर्थ एवढाच की विकणाऱ्याला ते नाव माहीत होतं.

शिक्का मारणारे होते ते उत्तर इंग्लंडमधल्या लँकेस्टरचे गिलो. रॉबर्ट गिलोने साधारण १७३० मध्ये सुरू केलेली ही पेढी अठराव्या शतकाच्या शेवटी आपल्या मालावर ठसा उठवू लागली. तो बहुतेक वेळा खणाच्या पुढच्या फळीच्या वरच्या कडेवर असतो, म्हणजे खण बंद असताना दिसत नाही अशा जागी. तुमच्या एकाही फोटोत ती कड दिसत नाही. पाचही खण अर्धे ओढून, टॉर्च तिरपी धरून बघा. सापडेलच असं मी म्हणत नाही. पण दोनशे वर्षांच्या मळाखाली अक्षरं दडलेली मी पाहिली आहेत.

आता १७६० का नाही, ते सांगतो. जुन्या फर्निचरचं वय पुढून बघायचं नसतं. पुढची बाजू मिरवायची, तिला प्रत्येक पिढीने हात लावलेला असतो. वय असतं खणाच्या पोटात, तळाशी, पाठीच्या फळ्यांवर, जिथे कुणी पाहुणा बघत नाही आणि म्हणून जिथे कुणी खोटं बोलायची तसदी सहसा घेत नाही. कुठलंही खणांचं कपाट समोर आलं की मी आधी सर्वांत खालचा खण पूर्ण बाहेर काढून उपडा करतो. वरची फळी, मुठी, पाय हे सगळं नंतर.

तुमच्या खणाचा तळ दोन तुकड्यांत आहे, मधोमध पुढून मागे जाणारी एक पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना फळ्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कपाटांत तळाच्या लाकडाच्या रेषा पुढून मागे जायच्या. १७४० च्या आसपास त्या आडव्या, म्हणजे डावीकडून उजवीकडे धावू लागल्या. लांब खणाचा तळ मध्ये झोल खातो, म्हणून मधली पट्टी देऊन तो दोन भागांत करायची पद्धत त्यानंतर, साधारण १७८० च्या सुमारास रुळली. म्हणजे एवढ्या एका पट्टीनेच चिठ्ठीवरची वीस वर्षं खाल्ली. तळ नंतर कुणी बदलला असेल अशी शंका येऊ शकते. पण त्यावरचा मळ, पुढच्या फळीतली खाच आणि रंध्याच्या खुणा सगळीकडे एकसारख्या आहेत. बोट आडवं फिरवलंत तर हलक्या लाटा लागतील. तो हातरंध्याच्या पात्याचा बाक आहे. गोल करवतीच्या वळणदार खुणा कुठेच नाहीत. त्या असत्या तर मी तळ एकोणिसाव्या शतकातला धरला असता.

खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल सांधे, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले सांधे, बघा. पुढच्या सांध्यात दातांमधली बोटं इतकी निमुळती आहेत की टोकाला जेमतेम करवतीचं पातं जाईल एवढी जागा. दोन बोटांमधलं अंतर कुठे कमी, कुठे जास्त. काही ठिकाणी करवत खुणेच्या रेषेपलीकडे घसरून गेलेली दिसते. हे हाताने कापलेलं काम आहे, आणि घाईत कापलेलं आहे. घाई हा दोष समजू नका. तेव्हाच्या कारागिरांना बहुतेक कामावर पैसे मिळत. १७८८ साली लंडनच्या कारागिरांनी मजुरीचं छापील दरपत्रकच काढलं होतं. मूळ वस्तूचा एक दर, आणि मग वाढीव प्रत्येक कामाचा वेगळा दर. खणाच्या पोटातले सांधे घासूनपुसून सुंदर करायचे पैसे कोण देणार? ते मजबूत असले की झालं. म्हणूनच अगदी एकसारखे, मोजून मापून केलेले सांधे दिसले की मी उलट जास्त वेळ थांबून बघतो.

खणाच्या बाजू आणि तळ पाइनचे आहेत. लंडनचा चांगला कारखाना तिथे ओक वापरायचा, अमेरिकेतला कारागीर हाताशी असलेलं स्थानिक लाकूड, म्हणजे फिलाडेल्फियात बऱ्याचदा ट्यूलिप पॉप्लर. उत्तर इंग्लंडच्या बंदरांत बाल्टिक समुद्राकडून पाइन भरपूर येई. लंडनबाहेरचं काम असं मी म्हणालो ते बरंचसं यावरून. पूर्ण खात्री यातून होत नाही, पण कल कळतो.

खणाच्या कडेने फिरलेली बारीक उंचवट्याची गोलसर पट्टी, जिला इंग्रजीत कॉकबीड म्हणतात, ती १७३० पासून शतक संपेपर्यंत चालली. म्हणजे ती काही ठरवत नाही. पण ती तिथे का असते हे फार जणांना ठाऊक नसतं. खणाच्या पुढच्या बाजूला पाइनवर महोगनीचं विनियर, म्हणजे उंची लाकडाचा पातळ थर, चिकटवलेलं आहे. उघडझाप करताना विनियरची कड लवकर उडते. ती पट्टी मार झेलते, विनियर वाचतं. तुमच्या तिसऱ्या खणाला खाली उजवीकडे पट्टीचा तुकडा गेलाय, आणि नेमकं तिथेच विनियरचा टवका उडालाय. त्या टवक्याच्या फोटोबद्दल आभार, कारण त्यात विनियरची जाडी दिसते, जवळजवळ दोन मिलिमीटर. हे करवतीने चिरलेलं विनियर. नंतर यंत्राच्या पात्याने सोललेलं विनियर याच्या निम्म्याहून पातळ असतं.

आता मुठी. लाकडी गोल मुठींची चाल एकोणिसाव्या शतकातली, त्यामुळे अनेक जण त्या बघूनच 'व्हिक्टोरियन कपाट' असं म्हणून मोकळे होतात. पण पुढच्या फळीची आतली बाजू बघा. प्रत्येक मुठीच्या मोठ्या भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक आहे, लाकडाच्या खुंटीने बुजवलेलं. ती मूळ पितळी कडीच्या दोन टोकांची भोकं. आणि सातव्या फोटोत, जिथे उजेड खिडकीतून तिरपा पडलाय, तिथे मुठीभोवती अंडाकृती सावली दिसते का बघा. कडीमागे दाबून काढलेला अंडाकृती पत्रा असायचा, त्याने शेकडो वेळा पॉलिशच्या फडक्यापासून झाकून ठेवलेला तो भाग. बर्मिंगहॅमच्या पितळ-कारखान्यांतून असे पत्रे अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत ढिगाने बाहेर पडले. त्याआधीच्या कड्या हंसाच्या मानेसारख्या वळणाच्या, मागे दोन छोट्या चकत्या असलेल्या. मी १७८५ नंतर म्हणतो ते तळाची पट्टी आणि ही सावली, या दोघींनी मिळून.

मागच्या पायाजवळचा एक स्क्रू तुम्ही काढून फोटो पाठवलात, हे उत्तम केलंत. त्याला टोक नाही, सरळ बोथट संपतो आणि डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली आहे. टोकदार लाकडी स्क्रू १८४० च्या दशकात आले. मात्र दुसऱ्या पायाचा स्क्रू टोकदार दिसतोय, आणि तो पाय रंगानेही जरा वेगळा आहे. तो पाय बदललेला आहे. सव्वादोनशे वर्षांत एक पाय बदलला तर काही बिघडलं नाही. ओल्या फरशीवर, उंदरांच्या आणि झाडूच्या वाटेत सर्वांत जास्त झिजतात ते पायच.

मला खरी भीती वेगळीच होती, आणि म्हणूनच मी तुम्हाला मागचे आणि वरचे इतके फोटो मागितले. पंचविशीत मी एक सुरेख कपाट घेतलं होतं. पुढचे दोन्ही कोपरे तासून त्यावर उभ्या पन्हाळी कोरलेल्या, सगळ्यात वर तीन छोटे खण, रंग तर असा की हात फिरवतच राहावं. विकणारा गोड बोलत होता आणि मला ते हवंच होतं, हे दोन्ही एका वेळी जमून आलं की माणूस उपडं करून बघत नाही. घरी आणून पंधरा दिवसांनी लक्षात आलं. ते दोन मजली उंच कपाटाचं वरचं अर्धं होतं. अशा उंच कपाटांचे दोन तुकडे करून, वरच्याला खाली पाय आणि खालच्याला वर नवी फळी लावून दोन 'जुनी' कपाटं विकायची ही फार जुनी युक्ती. उंच वस्तूंना छताखाली जागा मिळेना, तेव्हा ती जोमात चालली. ओळखायचं असं: मूळ कपाटात वरची फळी डोळ्यांसमोर येत नसे, त्यामुळे तिथे चांगलं लाकूड घालायचा खर्च कुणी करत नसे, म्हणून तुकड्यावर चांगली फळी दिसली तर ती मागाहूनची. तासलेले पन्हाळीचे कोपरे उंच कपाटाच्या वरच्या भागावर फार आढळतात. आणि एका ओळीत तीन छोटे खण दिसले तर खाली एके काळी आणखी काही होतं असं समजून चालावं. माझ्या कपाटाच्या वरच्या फळीच्या कडेला वाळवीसारख्या किड्याची उघडी नागमोडी पन्हाळ दिसत होती. किडा लाकडाच्या आत बोगदा करतो आणि बाहेर पडताना फक्त गोल भोक ठेवतो. पन्हाळ उघडी दिसली की समजायचं, ती फळी किड्याने खाल्ल्यावर कुणीतरी कापली. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी पैसे गेलेच.

तुमच्या कपाटात यातलं काही नाही. वरची फळी बाजूच्या फळ्यांशी एकाच रंगाची, तिच्या कडेचा कोरीव काठ सलग, खणांच्या मागच्या सांध्यांत नवा काप नाही. रुंदीही कुणी कमी केलेली नाही. ३२ इंचांच्या आतली कपाटं लोकांना जास्त आवडतात, म्हणून मोठी कपाटं कापून लहान केलेलीही भेटतात. तुमचं ४२ इंचांचं, म्हणजे कुणाच्या लोभातून सुटलेलं.

लाकूड कुठून आलं, हा तुमच्या चारांतला मला सर्वांत आवडलेला प्रश्न आहे, कारण तो सहसा कुणी विचारत नाही.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये उंची फर्निचर अक्रोडाचं व्हायचं. १७०९ च्या हिवाळ्यात युरोपात इतकी थंडी पडली की फ्रान्समधली अक्रोडाची झाडं मोठ्या प्रमाणावर मेली, आणि १७२० मध्ये फ्रान्सने त्या लाकडाची निर्यात बंद केली. त्याच्या पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरचं आयातशुल्क काढलं. कायदा होता जहाजबांधणीच्या सामानासाठी, महोगनीचा विचारही त्यामागे नव्हता. पण जमैकाचे व्यापारी तेव्हापासून महोगनी पाठवू लागले, आणि क्यूबा वगैरे स्पॅनिश बेटांवरचं लाकूडही जमैकामार्गे, जमैकाचं म्हणून येऊ लागलं. ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याने हॉटन हॉल हा आपला वाडा बांधला तेव्हा दारंसुद्धा महोगनीची केली, यावरून ते लाकूड किती झटकन डोक्यावर बसलं हे कळेल.

सुतारांना ते आवडलं याला कारण होतं. अक्रोडाची मोठी, निर्दोष फळी मिळणं कठीण, म्हणून अक्रोडाचं कपाट म्हणजे बहुधा पाइन किंवा ओकवर विनियर. महोगनीचं खोड प्रचंड. दोन-अडीच फूट रुंदीची अखंड फळी मिळायची. ती सुकताना फारशी आकसत नाही, वाकत नाही, गाभ्याच्या लाकडाला कीड सहसा लागत नाही, आणि पटाशीखाली लोण्यासारखी कापली जात असूनही कोरलेली कड तुटत नाही. चिपेंडेलच्या काळचं नाजूक कोरीवकाम शक्य झालं ते या एका गुणामुळे.

बेटांवरची जात वेगळी आणि मध्य अमेरिकेतली वेगळी. क्यूबा, जमैकाची महोगनी जड, गडद, घट्ट रेषांची. तिच्या छिद्रांत खडूसारखे पांढरे कण अडकलेले असतात, भिंगाने बघा. होंडुरासच्या किनाऱ्यावरून येणारी मोठ्या पानांची जात हलकी, फिकट, थोडी मऊ. तुमच्या बाजूच्या फळ्या दुसऱ्या जातीच्या वाटतात. त्या काळाशी जुळतं, कारण जमैकातली किनाऱ्याजवळची, तोडायला सोपी झाडं शतकाच्या मध्यापर्यंत बरीच संपली होती. होंडुरासच्या उपसागरात १७६३ च्या तहाने ब्रिटिशांना कापड रंगवायला लागणारं लाकूड तोडायची मुभा मिळाली होती. महोगनी तोडायची परवानगी स्पेनने १७८६ च्या करारात दिली. तुमचं कपाट त्यानंतरचं असेल तर आश्चर्य नाही.

आता ते तोडलं कुणी. आजचं बेलीझ म्हणजे तेव्हाची ती वसाहत. तिथे महोगनी तोडणारे बहुतेक सगळे आफ्रिकेतून आणलेले किंवा त्यांच्या वंशातले गुलाम होते. महोगनी रानात कळपाने उगवत नाही, एक झाड इथे, दुसरं कुठेतरी लांब. म्हणून प्रत्येक टोळीत झाडं हेरणारा एक अनुभवी माणूस असे. ऑगस्टमध्ये महोगनीची पानं तांबूस-पिवळी होतात. तेव्हा तो उंच झाडाच्या शेंड्यावर चढून रानावर नजर फिरवी, रंगाचे ठिपके लक्षात ठेवी आणि मग खाली उतरून न चुकता झाडापाशी पोचे. बुंध्याला आधाराच्या भिंतीसारखी मुळं फुटलेली असतात, म्हणून जमिनीपासून दहा-बारा फुटांवर लाकडी माच बांधून त्यावर उभं राहून कुऱ्हाड चालवायची. खालचं सगळ्यात जाड खोड तसंच रानात राही. मग एप्रिल-मे, जमीन कोरडी असताना, बैलगाड्यांवरून ओंडके नदीपर्यंत न्यायचे. दिवसा उन्हात बैल टिकत नसत, म्हणून रात्री, पाइनच्या मशालींच्या उजेडात. जूनच्या पुरात ओंडके सोडून द्यायचे आणि मुखाशी आडव्या साखळदंडाने अडवायचे. गुलामगिरी ब्रिटिश वसाहतींत कायद्याने १८३४ मध्ये संपली, तीही चार वर्षं सक्तीच्या 'उमेदवारी'ची, म्हणजे जुन्याच मालकाकडे राबण्याची, शेपूट लावून. म्हणजे तुमच्या बाजूच्या फळ्यांचं झाड पाडणाऱ्या माणसाला त्याची मजुरी मिळाली नव्हती, हे जवळजवळ नक्की. कपाटाचा कारागीर निनावी म्हणून आपण हळहळतो. त्याच्याआधीचे हात तर बिलावरही आलेले नाहीत. लँकेस्टर स्वतः गुलामांच्या व्यापारातलं इंग्लंडचं एक मोठं बंदर होतं, आणि गिलोची फर्निचर नेणारी जहाजं वेस्ट इंडिजमधून साखर, रम आणि महोगनी घेऊन परत येत.

इंग्लंडला आल्यावर ओंडका करवत्यांच्या खड्ड्यावर जाई. एक माणूस वर, एक खाली खड्ड्यात, भुसा डोळ्यांत. तुमच्या पाठीच्या फळ्यांवर आतून ज्या सरळ, समांतर, किंचित तिरक्या रेघा दिसतात त्या या दोघांच्या करवतीच्या. तिथे कुणी रंधा मारलाच नाही, कारण ती बाजू भिंतीला. पाठीची फळी मला म्हणूनच फार आवडते.

डाव्या फळीच्या चिरेला लाकडाचा दोष देऊ नका. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. बाजूच्या फळीच्या रेषा उभ्या, म्हणजे ती पुढून मागे आकसणार. पण आत खण सरकतात त्या पट्ट्या पुढून मागे, त्यांच्या रेषा त्याच दिशेने, त्या आकसणार नाहीत. कारागिराने त्या पट्ट्या सरसाने आणि खिळ्यांनी पक्क्या बसवल्या. फळीला हलायला जागा उरली नाही. दगडी, थंड, ओलसर घरात दीडशे वर्षं ते चाललं. मग घरं उबदार झाली, हवा कोरडी झाली, आणि फळी फाटली. ती चीर पुट्टीने भरू नका. पुढच्या ओल्या ऋतूत फळी फुगेल, भरलेली पुट्टी तिला आणखी ताणेल. चांगला कारागीर पट्ट्या सोडवतो, फक्त पुढच्या टोकाला सरस लावून मागे मोकळ्या ठेवतो आणि चिरेत जुन्या महोगनीची बारीक कपची बसवतो. जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांचा, गरम ओलाव्याने सुटतो, म्हणून हे शक्य आहे. इथे आधुनिक गोंद वापरू देऊ नका, पुढच्या माणसाला तो सोडवता येणार नाही. नवं लाकूडही नको. महोगनीच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. मोठ्या पानांची जात २००३ पासून त्यात आहे. तसंही नव्या लाकडाचा रंग जुळत नाही. मी त्यासाठी मोडकी व्हिक्टोरियन कपाटं आणि पलंगाच्या पाट्या जमवून ठेवतो. कपाट उष्णतेच्या झोतापासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवा, हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम.

पॉलिशचं सांगतो, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. ते खरवडू नका. नव्या कपाटावर तेव्हा जवसाचं तेल आणि विटेची बारीक भुकटी घासत, किंवा मेण लावत. लाखेचं चकचकीत फ्रेंच पॉलिश इंग्लंडमध्ये १८२० च्या आगेमागे आलं, आणि मग अनेक जुनी कपाटंही त्याच्या खाली गेली. तुमच्यावरही ते आहे असं दिसतं. मागच्या कडेला न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब कापसावर घेऊन लावा, चिकटलं तर लाख. त्या थरात मेण, धूर, हातांचा तेलकटपणा आणि उन्हाने उडालेला रंग हे सगळं मिसळून जे झालंय ते कुठल्याही डब्यात मिळत नाही. सँडपेपर लावलात तर अर्ध्या दिवसात ते भुशात जाईल, आणि खाली निघेल गुलाबी, कच्चं, नवं दिसणारं लाकूड. मऊ फडकं, मेणाचं पॉलिश वर्षातून एक-दोनदा, आणि सिलिकॉनचे फवारे अजिबात नाहीत. एवढंच.

मुठींबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. तुमच्या अंडाकृती सावलीच्या मापाच्या पितळी कड्या आजही बनवून मिळतात, आणि लावल्या तर कपाट छान दिसेल. पण त्या मुठीही आता पावणेदोनशे वर्षांच्या आहेत. कुणीतरी नवी फॅशन म्हणून हौसेने बसवल्या, त्यांच्या स्क्रूसाठी पुढची फळी पोखरली गेली. कड्या लावल्या तर ती मोठी भोकं बुजवायला हवीत, म्हणजे आणखी एक दुरुस्ती. मी तरी राहू देईन. एक मूठ सैल आहे, ती तेवढी काढून, आट्यांना मेण लावून परत बसवा.

राहिला अडकणारा खण. सुताराला बोलावण्याआधी दोन्ही छोटे खण बाहेर काढा आणि त्यांच्या मागच्या फळीची बाहेरची बाजू बघा. अकराव्या फोटोत उजव्या खणाच्या मागे पटाशीने मारलेली एक उभी रेघ मला दिसते आहे. अशा खुणा कारागीर स्वतःसाठी करायचा. एक रेघ पहिला, दोन रेघा दुसरा, मोजणी डावीकडून. प्रत्येक खण आपापल्या जागेत हाताने तासून बसवलेला, त्यामुळे दिसायला सारखे असले तरी ते सारखे नाहीत. डाव्या खणाच्या मागे दोन रेघा निघाल्या तर कुणीतरी, कधीतरी दोन्ही खणांची अदलाबदल केली आहे. परत आपापल्या जागी घाला, कडांना मेणबत्ती घासा आणि सरकवून बघा.